विषाणूचं रिकामं सोंग

विमलआत्याला ताप नव्हता, कुठे दुखतखुपत नव्हतं. सकाळीच तिने कीर्तनातला अभंग असा खड्या आवाजात घोळवला होता, की धरणाच्या पाण्यावरचे बगळे उडाले. मग काठाला लागलेल्या आरोग्यबोटीच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लाल ठिपका का?

अकरा वर्षांची मृण्मयी ठिपक्याकडे बघतच राहिली. खरं तर ती लस घ्यायला आली होती. बोटीवरचा यंत्रमानव चिपळी म्हणाला, म्हणून सोबतच्या आत्यानेही आडोशाला जाऊन तपासणीचा नमुना दिला होता.

"निकाल एकटीला सांगू का, आत्याबाई?" चिपळीने विचारलं.

"हिच्यासमोरच सांग. पण आटप. पलीकडे देवळात माणसं माझ्या कीर्तनाला बसलीत."

"गर्भाशयमुखात (गर्भपिशवीच्या तोंडाशी) एचपीव्ही नावाचा विषाणू सापडलाय."

मृण्मयीच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे कॅन्सर?"

"नाही. हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी गाठतो, त्यात कुणाचा दोष नाही. बहुतेकदा शरीरच त्याला हाकलतं. पण कुणाकुणात तो वर्षानुवर्षं गुपचूप मुक्काम ठोकतो, तिथल्या पेशी बिघडवतो. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. दुखायला लागतं ते फार उशिरा."

आत्याचा हात तुळशीमाळेवर गेला. "मग हिची ती सुई मलाही टोच, म्हणजे सुटले!"

"ती याच विषाणूची लस आहे, पण आधीच शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही."

"का नाही?" मृण्मयी जवळजवळ ओरडलीच.

"आत्याबाई कीर्तनात राक्षस उभा करतात, तेव्हा खरा राक्षस येतो का?"

"येतोय कसला! नुसतं सोंग," आत्या म्हणाली.

"लसीतही विषाणूचं नुसतं कवच असतं, आत काही नाही. ते रिकामं सोंग बघून शरीर प्रतिपिंडं (विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिनं) तयार करतं. मग खरा आला, की दारातच अडतो. म्हणून लस आधीच, लहानपणी घ्यायची. मुलींनी आणि मुलांनीही. पण घरात दडून बसलेल्याला शोधायला दिवा हवा. तो दिवा म्हणजे तपासणी."

पलीकडून भोंग्यावर गजर सुरू झाला. आत्या ताडकन उठली. "कीर्तन झालं की बघू."

मृण्मयीने तिचा पदर घट्ट धरला. "आत्ताच बघू दे ना गं."

"सोड! शंभर माणसं ताटकळलीत."

"मला तू एकच आहेस."

आत्या मटकन खाली बसली. मग तिने पेटीवाल्या काकांना फोन लावला. "गजर चालू ठेवा. देवाला म्हणावं, तुझंच दिलेलं शरीर जरा दाखवून येते."

शहरातल्या डॉक्टरबाई चिपळीच्या कॅमेऱ्यातून तपासू लागल्या. आडोशाबाहेर मृण्मयी देवाची नावं घेत होती, पण मधेच तिला पुढचं नावच आठवेना.

शेवटी डॉक्टरबाईंचा आवाज आला, "बिघडलेल्या पेशींचा छोटासा डाग आहे. कॅन्सर दिसत नाही. चिपळी आत्ताच उष्णता देऊन तो नष्ट करेल. वर्षाने मात्र पुन्हा यायचं हं."

आत्या बाहेर आली. चेहरा उतरलेला, डोळे मात्र हसरे.

"दुखलं?"

"कळ आली जराशी. तुझे चिमटे जास्त लागतात."

मृण्मयीने बाही वर केली. सुई टोचून झाल्यावर तिने विचारलं, "आता मला दिवा नको ना?"

"तिशीनंतर तूही यायचंस," चिपळी म्हणाला. "लस बऱ्याच वाटा बंद करते, सगळ्या नाही. पण सगळ्यांनी लस आणि तपासणी दोन्ही केलं, तर तुझ्या लेकींना हा आजार फक्त पुस्तकात वाचावा लागेल."

आत्याने पुन्हा फोन लावला. "काका, निघाले. आज बसूनच कीर्तन करीन. आणि बायकांना आत्ताच सांगून ठेवा, आरती झाली की कुणी घरी पळायचं नाही. सगळ्यांना बोटीवर घेऊन येणार आहे मी."