गिळवेलीचा आवाज

मावशीच्या टीव्हीवर सकाळपासून नुसत्या मुंग्या दिसत होत्या, म्हणून बेबीनंदा केबलवाल्याकडे तक्रार घेऊन निघाली. जालन्यात मस्तगडला, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्याची खोली होती. थंडीचे दिवस, रविवारची सकाळ. जिना चढून ती दारात उभी राहिली आणि बोलायचंच विसरली.

आत एक सावळा, उंच तरुण माइकसमोर बसून एकटाच भांडत होता. समोर परदेशी कार्टून चाललेलं... एक राजकुमार, त्याची उडणारी शेळी आणि डोंगराएवढी राक्षसी वेल. तिच्या प्रत्येक फुलात दात. पोरांना इंग्रजी कळायचं नाही, म्हणून हा केबलवाला, मच्छिंद्र, दर रविवारी कॅसेटचा आवाज बंद करून सगळ्यांचं मराठीतून स्वतःच बोलायचा. घरोघरी केबलवर तेच ऐकू जायचं. वेलीचं नावही त्यानंच ठेवलेलं — गिळवेल.

त्या दिवशी नेमका त्याचा घसा बसला होता. गिळवेलीनं गरजायची वेळ आली आणि त्याला ढास लागली. त्यानं दाराकडे पाहिलं आणि माइक नंदापुढे धरला.

नंदाला गरजता येत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "दमलास ना रे राजा? ये... माझ्या सावलीत बस जरा."

पडद्यावर वेल राजकुमाराभोवती गुंडाळत गेली. मच्छिंद्रच्या अंगावर काटा आला.

भाग संपल्यावर तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "राक्षसीण इतकी गोड बोलती व्हय?"

"गरजली तर माणूस पळून जाईल. गोड बोलली तर बसून राहतो."

"बराबर. मी बसूनच राह्यलोय."

नंदानं पदर उगाच सारखा केला. "आमच्या टीव्हीवर मुंग्या आल्यात," एवढं सांगून ती भराभर जिना उतरली.

संध्याकाळी तो स्वतः वायर जोडायला आला. "मावशी, गल्लीतली पोरं इचारून राह्यलीत, गिळवेल कोण होती म्हणून. तिला दर रविवारी पाठवाल का?"

द्वारकामावशी हसली. "पाठवते. पण दार उघडं ठेवायचं."

दार उघडं राहिलं. दर रविवारी दोघं एकाच माइकपुढे बसू लागले. मच्छिंद्र मोसंबी सोलायचा, फोडींवरची पांढरी साल काढून त्या तिच्यासमोर ठेवायचा. शेळी बोलत असली की नंदा एक फोड तोंडात टाकायची. कधी माइककडे एकाच वेळी वाकताना खांद्याला खांदा लागायचा — मग राजकुमाराचं वाक्य हटकून चुकायचं.

नंदा मावशीकडे राहून डी.एड. करत होती. परीक्षा झाली आणि तिची आष्टीला, गावी परतायची वेळ आली. शेवटच्या कॅसेटच्या दिवशी ती म्हणाली, "अण्णांनी परतूरचं स्थळ बघितलंय. पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत."

मच्छिंद्र शेळीच्या आवाजात म्हणाला, "मेऽऽ... मंग आमच्या रविवारचं कसं?"

ती हसली नाही. "शेळीचं कळलं. तुमचं काय म्हणणं आहे?"

तो माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिला. राजकुमाराला, प्रधानाला, शेळीला शब्द पुरवणारा माणूस... त्याला एक शब्द सुचेना. तेवढ्यात कॅसेट सुरू झाली. राजकुमारानं वेलीचं मूळ तोडलं, गिळवेल कोसळली. नंदानं तिचे शेवटचे शब्द नीट म्हटले, उरलेली मोसंबी तशीच ठेवली आणि ती निघून गेली.

आष्टीत ती पाहुण्यांसाठी घर आवरत होती. हातपाय चालत होते, मन मात्र माडीवर बसलेलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाजार होता. अण्णा, म्हणजे तिचे वडील रामराव, ओट्यावर बसलेले. समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि भारदस्त आवाज आला, "राम राम काका. आम्ही आपणाकडे..."

राजकुमाराचा आवाज. नंदा चटकन दारात आली. तिच्याकडे नजर जाताच मच्छिंद्र थांबला. त्यानं घसा खाकरला. नंतर आलेला आवाज बारीक होता, मधेच फाटत होता... पण त्याचाच होता.

"काका, मी मच्छिंद्र. जालन्यात केबलचं काम करतो. तुमच्या नंदाला मागणी घालायला आलोय. मला ती लई आवडती. हे तिला तिथंच सांगायला पाहिजे होतं. धीर झाला न्हाई."

रामरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मूळ गाव विचारलं, पाहुणे-रावळे विचारले. शेवटी म्हणाले, "मागणी घालायला एकटाच आला? आई-बाप कुठंयत?"

"स्टँडवर बसलेत. आई म्हणली, आधी तुझ्या तोंडानं बोल, मंग आम्ही येतो."

रामरावांच्या मिशीत हसू हललं. त्यांनी दाराकडे मान वळवली. "काय गं नंदे?"

नंदाच्या हातातला झाडू तसाच होता. ती खाली बघत म्हणाली, "परतूरच्या पाहुण्यांना न्हाई म्हणून कळवा, अण्णा."

मच्छिंद्रनं अडखळत विचारलं, "आणि... माझं?"

"तुमचं सांगते नंतर," नंदा म्हणाली. आता मात्र ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "आधी आईला उन्हातून घेऊन या. मी चहा टाकते."