आधी पोहोचलेली

विमानात नोकरी करणाऱ्या माणसाला विमानाने घरी जायला मिळतंच असं नाही, हे कुणाला पटत नाही. ताईच्या शेजारणीला तर सहा वर्षांत पटलं नव्हतं. "तुमचं काय बाई, बसलं की उडालं!" असं ती जिन्यात भेटली की म्हणायची. ताई हसायची आणि पुढे जायची. समजावून सांगायचं तर त्यालाही अंगात त्राण लागतं.

कामावर तिला सगळे ताई म्हणत. वीस वर्षं प्रवाशांना पट्टे बांधायला सांगून, ट्रे वाटून आणि गोळा करून तिच्या टाचा कायमच्या दुखऱ्या झाल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी कंपनीने तिच्या शहरातला तळ बंद केला आणि सगळ्यांना दुसऱ्या शहरात हलवलं. विमानाने अडीच तास. बाकीच्यांनी बिऱ्हाडं उचलली. ताईला ते जमण्यासारखं नव्हतं. नवरा नावाचं प्रकरण केव्हाच मिटलं होतं. घरात होती नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत, आणि ताईची आई. बारकी जन्मल्यापासून त्या माउलीला घरीदारी सगळेच आज्जी म्हणू लागले होते, तिची स्वतःची लेकसुद्धा. आज्जीचे गुडघे गेलेले, बारकीची शाळा लागलेली. रुजलेलं घर उपटून न्यायचं तरी कुठे?

मग ताई ये-जा करू लागली. सहा दिवस काम, तीन दिवस घर. तिकडे राहायला एक भाड्याची खोली होती: सहा खाटा, अकरा बायका, ज्या दिवशी जी हजर तिची खाट. परतताना विमानात एखादी जागा रिकामी राहिली तर ती मिळायची, नाहीतर जंपसीट. मागच्या दाराजवळ भिंतीला दुमडून लावलेली ती अरुंद बैठक. ओढून धरली तर खुर्ची, उठलं की फटकन मिटून पुन्हा भिंत. दोघींपुरती जागा, एकीवर त्या विमानातली ड्यूटीवरची बाई, आणि दुसरी मोकळी असली तर घरी निघालेलं कुणीतरी. पण घरी निघालेले नेहमी चारपाच असत. त्यात जो नोकरीत जुना, त्याचा पहिला हक्क.

गेटवरच्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, कारण तो हजेरी घेतल्यासारखी नावं वाचायचा. उड्डाणाआधी वीस मिनिटं तो कागदावरून डोळे वर करायचा, आणि कोपऱ्यात बॅगांना टेकून बसलेली चारपाच माणसं एकदम ताठ व्हायची.

त्या बुधवारी दुपारच्या विमानाला मास्तरने मान हलवली. "ताई, नाही हो. वरचे एक कॅप्टन आलेत."

"संध्याकाळच्याला?"

"ते तर आत्ताच भरलंय. उद्या सकाळी बघू."

ताईने घरी फोन लावला. आज्जीने उचलला. "आज नाही जमत गं, उद्या येते," ताई म्हणाली. मग आज्जीने विचारलं, "तू कुठून बोलतेस?"

"विमानतळावरून. कुठून बोलणार?"

"बरं," आज्जी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई घरी पोहोचली तेव्हा बारकी शाळेला निघाली होती. तिची वेणी चार पेडांची होती, घट्ट, एक केस बाहेर नाही. तशी वेणी घरात फक्त ताईला यायची. आज्जीची बोटं आता तेवढी वळत नव्हती.

"कोणी घातली गं?"

"तूच नाही का घातलीस!" बारकी बूट घालता घालता म्हणाली. "काल म्हणालीस ना, झोपलीस तरी सुटायची नाही."

पोरं काय वाट्टेल ते बोलतात. ताईने आज्जीकडे पाहिलं. आज्जी ओट्याकडे तोंड करून कप विसळत होती, आणि कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

"तू झोप आता," आज्जी म्हणाली. "डोळे बघ कसे झालेत."

ताई झोपली. घरी आली की ती तेच करायची. तीन दिवसांतला पहिला झोपेत जायचा, दुसरा कपडे-दुरुस्त्या-दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपासूनच तिचं लक्ष घड्याळाकडे. बारकी गोष्टी सांगायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "तू ऐकतच नाहीयेस." खोटं नव्हतं ते.

तीन आठवड्यांनी हवा बिघडली. ताई दोन दिवस तिकडेच अडकली. घरी आल्यावर बारकीला शाळेत सोडायला गेली, तर फाटकाशी वर्गाच्या बाई भेटल्या. "काल पालकसभेला आलात, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "किती शांतपणे ऐकून घेतलंत सगळं. नाहीतर पालक निम्मा वेळ फोनमध्ये."

ताई "हो, हो" म्हणाली. मग काहीतरी निमित्त काढून तिने सभेची वही पाहिली. तिच्या नावापुढे तिची सही होती. शेवटचं अक्षर घाईत खाली ओढायची तिची सवय सहीत होती, फक्त घाई नव्हती.

ताई डोक्याने चालणारी बाई होती. धूर दिसला तर आधी कुठून येतोय ते बघायचं, मग ओरडायचं, हे तिला नोकरीने शिकवलेलं. तिने ड्यूटीची डायरी काढली. सभेच्या वेळी ती अडीच तासांवरच्या खोलीत तिसऱ्या खाटेवर पडून छताकडे बघत होती. समोरच्या खाटेवरच्या मुलीने तिला डोकेदुखीची गोळी दिली होती. त्या मुलीला तिने फोन करून विचारलंही. "हो ताई, मीच दिली. का हो?" कंपनीच्या डॉक्टरला तिने एवढंच सांगितलं, की गोष्टी लक्षात राहत नाहीत. डॉक्टर म्हणाला, थकवा आहे. त्याला काय, तो सगळ्यांना तेच सांगायचा, आणि सगळ्यांच्या बाबतीत ते खरंच असायचं.

पुढच्या खेपेला जागा मिळाली नाही, तेव्हा तिने गेटवरूनच घरच्या जुन्या फोनवर फोन लावला. बारकीने उचलला.

"आई? तू आतून फोन कशाला करतेस?"

"आतून म्हणजे?"

"आतून म्हणजे आतून. गंमत करतेस ना?" बारकी हसली. मग फोन बाजूला धरून ती कुणाला तरी म्हणाली, "कळलं हं मला!" मागे कुठेतरी कपाटाचं दार लागलं. लागलं, आणि मग तळव्याने दोनदा थोपटलं गेलं. विमानातल्या कप्प्यांच्या कड्या नीट बसल्यात की नाही हे बघायला ताई तसंच थोपटायची. घरातही थोपटायची. हात ऐकत नसे.

ती पहिल्या मिळालेल्या विमानाने घरी गेली. घरात आज्जी होती, बारकी होती, आणि कोणी नव्हतं. कपाटं आवरलेली. बारकीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवलेली. ताईने आज्जीला खांद्याला धरून विचारलं, "आज्जी, इथे कोण येतं?"

"तूच येतेस की," आज्जी म्हणाली, पण तिच्या डोळ्यांकडे न बघता.

इथवर जे झालं त्यात ताईचा काही दोष नव्हता. पुढचं मात्र तिने केलं.

एका दुपारी मास्तरने तिचं नाव वाचलं. मागून एक इंजिनिअर आला. त्याचे वडील दवाखान्यात होते, आणि तो नोकरीत नवा. ताईने त्याला जागा दिली. माणुसकी म्हणून दिली, आणि मास्तर "देवमाणूस हो तुम्ही" म्हणाला. पण खोलीवर परतताना ताईला एक गोष्ट स्पष्ट जाणवली: तिला घरची काळजी वाटत नव्हती. घरी कोणीतरी होतं. वेणी घातली जाणार होती, गोष्ट शेवटपर्यंत ऐकली जाणार होती. ती खाटेवर पडली आणि चौदा तास झोपली. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

त्यानंतरच्या खेपेला कोणाचेही वडील आजारी नव्हते. ताई गेटवर गेलीच नाही.

दोन महिन्यांत असं पाच वेळा झालं. घरी ती फोनही करेनाशी झाली, कारण कोण उचलेल याचा नेम नव्हता. मनाला लागायला हवं होतं, ते लागत नव्हतं. माणूस दमला की आधी त्याची लाज दमते.

मग एका पहाटे चारला फोन वाजला. आज्जी कधी आपणहून फोन करत नसे.

"आज ये," आज्जी म्हणाली. आवाज दाबलेला होता. "तू ये. कळतंय ना? तूच ये."

मास्तरने पहिलंच नाव तिचं वाचलं. मागच्या जंपसीटवर तिच्या शेजारी ओळखीची एक मुलगी ड्यूटीवर होती. विमान वर चढून सरळ झालं तशी ती मुलगी जरा चाचरत म्हणाली, "ताई, आज बरं वाटतंय ना? गेल्या आठवड्यात मला भीतीच वाटली होती."

"गेल्या आठवड्यात?"

"इथेच तर बसला होतात. पूर्ण अडीच तास तशाच. हात मांड्यांखाली, पाठ ताठ, पाय जुळवलेले. उतरताना आपण बसतो ना, तशा. पाणी विचारलं तर नुसतं बघितलंत." ती थांबली. "आणि उतरल्यावर तुम्हाला पट्टा सोडवता येईना. वीस वर्षं नोकरी झालेल्या तुम्ही! चारही पट्टे ओढत राहिलात, मधली चकती फिरवायची हे माहीतच नसल्यासारख्या. शेवटी मीच सोडवलं."

ताईने खाली स्वतःच्या पट्ट्याकडे पाहिलं.

घराचा जिना चढली तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. दार उघडंच होतं. आज्जी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. ताईकडे तिने खूप वेळ पाहिलं; बाजारात नाणं खरं की खोटं बघावं तसं.

"बस," ती म्हणाली.

ताई समोरच्या खुर्चीवर बसली. "तुला माहीत होतं?"

"पोटची लेक मला कळणार नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं." आज्जीचा आवाज अगदी हळू होता. "ती आली, बूट काढले, आणि विचारलं, काय काय करायचंय सांग. तू असं कधी विचारलंस?"

"मग बोलली का नाहीस? मला सांगायचंस. शेजारी हाक मारायचीस."

"काय सांगू? पोर हसत होती गं. ती तिच्याशी पत्ते खेळायची, तिचं सगळं ऐकायची. माझे गुडघे चोळून द्यायची." आज्जीने पदर डोळ्यांना लावला नाही, नुसती बोलत राहिली. "ती दमायचीच नाही. तू यायचीस ती अर्धी मेलेली. मी म्हटलं, राहू दे. माझं चुकलं."

"मग आज का बोलावलंस?"

आज्जीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

"काल दुपारी ती आली. आणि इथे, जमिनीवरच बसली. भिंतीला डोकं टेकलं. मला म्हणाली, आज्जी, मी फार दमले."

खाली रस्त्यावर एक गाडी वळली.

"तशी तू बसतेस," आज्जी म्हणाली. "अगदी तशी. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला ओळखता येईना."

"आता कुठे आहे?"

"झोपलीय. कालपासून उठली नाही."

ताई उठली. दाराशी गेली. कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबली. आतून संथ श्वास ऐकू येत होता. गाढ, खोल गेलेल्या माणसाचा. मध्येच एक लहानसा कण्हल्यासारखा आवाज, कूस बदलताना दुखरा पाय हलला की येतो तसा.

ताईने स्वतःच्या टाचेवर भार दिला. मग दुसऱ्या टाचेवर.

काही दुखत नव्हतं.

पहाटे चारला उठून ती सहा तास गेटवर बसली होती, अडीच तास त्या फळकुटावर, आणि वर हे तीन जिने. तिने खांदे हलवून पाहिले. मान वळवली. डोळे चोळले. कुठेच काही नव्हतं. अंग अगदी हलकं होतं, आणि समोर अख्खी दुपार होती, आणि तिच्या मनात आलं, काय काय करायचंय ते विचारावं.

तिने वळून आज्जीकडे पाहिलं. आज्जीने काठी घट्ट धरली होती.

"आज्जी, मी आहे."

आज्जीची नजर लोटलेल्या दाराकडे गेली.

जिन्यात धावती पावलं वाजली. बारकी शाळेतून आली. उंबऱ्यात थबकली, आणि ताईला पाहून तिचा चेहरा फुलला. रोजच्या मैत्रिणीला पाहून फुलावा तसा. तिने बूट हातात घेतले, चवड्यांवर चालत जवळ आली आणि ताईचा हात कडीवरून अलगद काढला.

"हळू हं," ती कुजबुजली. "आई झोपलीय."