श्वास लिहायचे नाहीत

दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर काळोख होता. नॉर्वेच्या पार उत्तरेला, फिनमार्कच्या किनाऱ्यावर डिसेंबरात याचं कुणाला काही वाटत नाही. नोव्हेंबरात गेलेला सूर्य एकदम जानेवारीत तोंड दाखवतो, तोवर माणसं दिवे लावून आपापल्या कामाला लागतात. टोरुननंही कॉफीचं भांडं स्टोव्हवर चढवलं, खिडकीतला दिवा लावला, हेडफोन कानांवर घातले आणि ट्रोम्सोच्या ऑफिसनं सकाळी पाठवलेलं ध्वनिमुद्रण सुरू केलं.

बैठकांमध्ये माणसं जे बोलतात ते ऐकून टाइप करायचं, हे तिचं काम. पण जसंच्या तसं नव्हे. माणसं खरोखर बोलतात कशी हे कागदावर उतरवलं तर मोठमोठ्या साहेबांची अब्रू जाईल. 'अं', 'म्हणजे', 'काय ते', अर्ध्यात सोडलेली वाक्यं, तीन-तीनदा म्हटलेला तोच शब्द, खोकला, शिंका... हे सगळं गाळायचं आणि नीटनेटकी वाक्यं तेवढी पुढे पाठवायची. ऑफिसात याला 'स्वच्छ प्रत' म्हणत. टोरुनचा यात हातखंडा होता आणि तिला त्याचा थोडा तोराही होता. नियम तिला तोंडपाठ होते. श्वास लिहायचे नाहीत. बैठक संपल्यानंतरचं बोलणं लिहायचं नाही. प्रत पाठवली की ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं.

श्वासांचा नियम खास उत्तरेसाठी होता. तिथली माणसं 'हो' म्हणायला तोंड उघडायचेही कष्ट घेत नाहीत. गरम कॉफीचा घोट ओढावा तसा एक छोटासा श्वास आत ओढतात, की झालं त्यांचं 'हो'. समोरचा बोलत असताना दर वाक्याला कुणी ना कुणी असा श्वास ओढतोच. ते सगळं लिहीत बसलं तर पानंच्या पानं त्यातच जातील. टोरुनचा नवरा ओड्वार दक्षिणेकडचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो तिला चिडवायचा, "तुम्ही लोक होकार देताय की बुडताय, काही कळत नाही बुवा."

ध्वनिमुद्रणावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. पहिला आवाज ऐकताच तिनं ओळखला. गावातल्या मासळीच्या कारखान्याचा मॅनेजर आर्नफिन. खुर्च्या सरकल्या, कपबशा वाजल्या. मग दुसरा आवाज आला आणि टोरुनचे हात टाइप करता करता थांबले. तो ओड्वार होता.

खरं तर तिनं तिथेच हेडफोन काढायला हवे होते. आपल्या माणसाचं बोलणं असेल तर काम परत पाठवायचं, हाही एक नियम होता. पण बैठक कशाबद्दल होती हे तिला कळून चुकलं होतं, आणि ते कळल्यावर तिच्याच्यानं राहवलं नाही.

कारखान्याच्या कोल्ड स्टोरेजची एक रीत होती. संध्याकाळी शेवटचा माणूस दारात उभा राहून आत हाक मारायचा, "आत कुणी आहे का?" थांबायचा. उत्तर आलं नाही की दिवा घालवून बाहेरून अडसर लावायचा. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी हे काम ओड्वारकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा आयलिफ दाराशीच बसल्या जागी गोठून मेलेला सापडला. आतून दार उघडायचा दट्ट्या बर्फानं आखडला होता, आणि त्या जाड दारातून आतला आवाज बाहेर येत नसे. आयलिफ म्हणजे शेजारच्या बोर्गहिलचा नवरा. मोठा हसरा माणूस. पुढचा दात तुटलेला, त्यामुळे त्याच्या 'हो'च्या श्वासाला बारीक शीळ यायची आणि गावातली पोरं त्याची नक्कल करायची. आता गावात वेगळंच बोलत होते. हाक मारली तर उत्तर का दिलं नाही? पिऊन पडला असणार! आयलिफनं दारू सोडून कित्येक वर्षं झाली होती. पण मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

"तू हाक मारलीस?" ध्वनिमुद्रणात आर्नफिननं विचारलं.

"मारली. दोनदा."

"थांबलास?"

"थांबलो ना."

"कुणी उत्तर दिलं?"

इथे शांतता होती. आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास आत ओढला. बारीक शीळ वाजली.

"नाही," ओड्वार म्हणाला. "कुणी नाही."

टोरुननं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. तिनं तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. पुन्हा तेच. शांतता, श्वास, शीळ, "नाही." बैठक झाली होती गेल्या आठवड्यात, आणि आयलिफला पुरून महिना उलटून गेला होता. तिनं आवाज वाढवला. श्वासामागे आणखी काहीतरी होतं. एक जाडसर घरघर, श्वासाबरोबर सुरू व्हायची आणि श्वासाबरोबरच थांबायची. कुणी क्षणभर दार उघडून लगेच मिटावं तशी.

तिच्या नाकाला अचानक वास आला. थंड लोखंडाचा आणि मासळीचा. ओड्वारचा कामाचा कोट खुंटीवर असतो त्याचाच असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. मग मान वळवून पाहिलं. ओड्वार कोट घालून कामावर गेला होता. खुंटी रिकामी होती.

आणि नेमक्या त्याच वेळी दारावर टकटक झाली.

बोर्गहिल होती. रोज या सुमारास ती कॉफीला यायची. पूर्वी आल्या आल्या तिचं तोंड सुरू व्हायचं, हल्ली ती कपाभोवती दोन्ही हात धरून बसून राहायची.

"आज काम चाललंय वाटतं," ती म्हणाली.

"आहे थोडं."

"कारखान्याचं?"

टोरुननं तिच्या कपात कॉफी ओतली. गावात काय लपतं?

"मला काही सांगू नकोस. तुझी अडचण मला समजते," बोर्गहिल म्हणाली. "मला नुकसानभरपाई नको, काही नको. एवढंच कळायला हवं होतं गं... तो पिऊन पडला होता, की त्यानं उत्तर दिलं होतं? काल दुकानात दोघी बोलत होत्या. मी आत गेल्यावर गप्प झाल्या. बत्तीस वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर, आणि आता मलाच रात्री वाटायला लागतं, प्यायला असेल का गं तो?"

तिचे डोळे कोरडे होते, ते टोरुनला जास्त लागलं. ती गेल्यावर टोरुननं टाइप केलेलं पान पुन्हा वाचलं. 'प्रश्न: कुणी उत्तर दिलं? उत्तर: नाही. कुणी नाही.' किती स्वच्छ दिसत होतं ते. हे पान सरकारच्या कामगार सुरक्षा खात्याकडे जाणार, ध्वनिमुद्रण पुसलं जाणार, आणि आयलिफ कायमचा दारुडा ठरणार. तिला आपल्याच कामाची शिसारी आली.

ओड्वार घरी आला तेव्हा ती तशीच बसून होती. त्यानं बूट काढले. तिनं हेडफोन त्याच्यापुढे धरले.

"काय आहे?"

"ऐक."

त्यानं ऐकलं. चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं. हेडफोन काढून त्यानं टेबलावर ठेवले, ते काचेचे असावेत तसे.

"ती घरघर..." तो म्हणाला. "कोल्ड स्टोरेजचा पंखा आहे तो. पण बैठक तर वरच्या खोलीत होती. तिथे कुठला पंखा?"

"आणि श्वास?"

त्यानं हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"ऐकला होता मी," शेवटी तो अगदी हळू म्हणाला. "त्या संध्याकाळी. असाच. मला वाटलं, पंखाच... टोरुन, मी इथला नाही गं. माझ्या कानाला हो म्हणजे हो लागतं. श्वासाला हो म्हणतात हे मला इतक्या वर्षांत... मी तर त्याची टिंगल करायचो."

त्याला रडू फुटलं. टोरुननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला त्याची दया आली, रागही आला, आणि दोन्ही एकदमच आलं.

"लिहू मी हे?" तिनं विचारलं.

ओड्वार खाली मान घालून बसला होता. स्टोव्हची धग होती तरी खोली गार पडत चालली होती. आणि मग खुंटीच्या बाजूनं, अगदी स्पष्ट, कुणीतरी श्वास आत ओढला. बारीक शीळ वाजली.

"तू म्हणालीस?" ओड्वारनं विचारलं.

"मी नाही..."

तिनं लिहिलं. बोलणाऱ्याच्या रकान्यात तिनं आयलिफचं नाव घातलं आणि पुढे 'हो' एवढाच शब्द. ऑफिस काय म्हणायचं ते म्हणो. ओड्वारनं पुन्हा बूट चढवले आणि दोघं शेजारी गेली.

बोर्गहिल दारातच उभी राहिली. ओड्वारनं तिला सगळं सांगितलं. आयलिफनं उत्तर दिलं होतं, शुद्धीवर होता, मलाच ते कळलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली. मग तिनं डोळे पुसले, ओड्वारचा हात हातात घेतला.

"तुझा काय दोष? पंख्याच्या आवाजात मलाही कळलं नसतं. तू थांबला होतास ना पण? हाक मारून?"

"थांबलो होतो," ओड्वार म्हणाला.

घरी येऊन तो सरळ झोपायला गेला. टोरुनला मात्र काम उरकायचं होतं. ध्वनिमुद्रणाचा शेवट ऐकायचा राहिला होता. आर्नफिननं सगळ्यांचे आभार मानले. खुर्च्या सरकल्या, पावलं बाहेर गेली. आर्नफिन आपला फोन टेबलावरच विसरला असावा, कारण ध्वनिमुद्रण चालूच होतं. सगळ्यांत शेवटी निघालेल्याची पावलं दाराशी थांबली आणि ओड्वारचा आवाज आला. सवयीनं, स्वतःशीच, बैठकीच्या रिकाम्या खोलीत:

"आत कुणी आहे का?"

आणि 'का' पुरतं उच्चारायच्या आतच दिव्याचं बटण वाजलं, दार लागलं.

तो थांबलाच नव्हता. आता थांबला नव्हता, म्हणजे तेव्हाही नसणार. तो श्वासही त्याच्या कानावर आला असेल तो दार ओढता ओढताच. वर्षानुवर्षं तो अशीच हाक मारत असणार, देवळापुढून जाताना हात जोडावेत तशी.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत नुसती घरघर होती. आणि श्वास. एक... थोड्या वेळानं आणखी एक... मग पुन्हा. कुणी काही विचारत नव्हतं, तरी कुणीतरी न थकता 'हो' म्हणत होतं.

तिनं हेडफोन काढले. बैठक संपल्यानंतरचं लिहायचं नाही. तिनं प्रत पाठवून दिली आणि ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. आयलिफला दिलं तेवढं पुरे, असं ती मनाशी म्हणाली. आता माझ्या माणसाला जगू दे. ओड्वारला तिनं काही विचारलं नाही.

गावातलं बोलणं थांबलं. कारखान्यानं दट्ट्या बदलला, आत घंटा बसवली. बोर्गहिल कॉफीला येऊन पुन्हा बडबड करू लागली. फक्त ओड्वार बदलला होता. संध्याकाळी घरातल्या तळघराचं दार लावायलाही तो हाक मारू लागला, आणि हाक मारून थांबू लागला. इतका वेळ थांबायचा की स्वयंपाकघरात टोरुनच्या हातातली सुरी आपोआप थांबायची.

सूर्य परत यायच्या आदल्या दिवशी ती बटाटे आणायला तळघरात उतरली होती. जिन्याची सगळ्यांत खालची पायरी सैल होती, पाय पडला की कुरकुरायची. ती खोक्यांपाशी वाकली असताना वरून हाक आली.

"आत कुणी आहे का?"

"हो! मी आहे!" ती मोठ्यानं म्हणाली.

तो हलला नाही. वरच्या उजेडात त्याची काळी आकृती तेवढी दिसत होती, हात दिव्याच्या बटणापाशी.

"अरे, ऐकलंस ना?"

"तुझं ऐकलं," तो म्हणाला.

तिला एकाएकी ते असह्य झालं.

"ओड्वार... त्या दिवशी तू थांबला नव्हतास. हाक मारलीस आणि लगेच दार लावलंस. खरं ना?"

वर काही हालचाल झाली नाही. उत्तर आलं ते तिच्या मागून, बटाट्यांच्या खोक्यांपलीकडच्या अंधारातून. श्वास आत ओढलेला. बारीक शीळ.

टोरुनच्या हातातली टोपली पडली. बटाटे घरंगळत अंधारात गेले, ते कुठेच आपटल्याचा आवाज आला नाही. वर ओड्वारनं बटणावरचा हात काढला. तो दारातून बाजूला झाला, एका माणसाला लागते त्याहून जास्त वाट ठेवून, आणि त्याचा आवाज आला तो थकलेला आणि फार मऊ होता.

"या वर," तो म्हणाला. "दोघंही या... मी थांबलोय."

टोरुन मागे न बघता जिना चढू लागली. ती वर दारापाशी पोचली, ओड्वारनं तिचा हात धरला, आणि तेव्हा खाली ती सैल पायरी कुरकुरली.