दुपट्ट्यामागे किती कार्बन?

"पण भट्टीशी तुम्हाला काय करायचंय?" गिरिजाने डोळे बारीक केले.

आदर्श नगरातल्या तिच्या हातछपाईच्या कापडांच्या इवल्याशा दुकानात हा निनाद सोमवारी उन्हातून सावलीला म्हणून शिरला काय, बोलता बोलता या परमुलखात मराठी निघाला काय, एक दुपट्टा घेतला काय... आणि आज चौथ्यांदा हजर! कापडाचं वजन किती? बगरू गावातल्या तुमच्या छापखान्यात रंग कशावर उकळता?

"सांगितलं ना, माझं अ‍ॅप आहे. ते एपीआयमधून, मतलब दुसऱ्या कंपनीच्या कंप्यूटरला विचारतं, की ही विकत घेतलेली वस्तू बनताना हवेत कार्बन किती गेला? तो कंप्यूटर अंदाज सांगतो. तुमच्या दुपट्ट्याचा दीड किलो. कमी आहे!"

"आणि त्यासाठी रोज यावं लागतं?"

"रोज... नाही लागत." तो हसला. मेल्याच्या गालाला खळी पडत होती!

पण खळीला भुलायला ती काय कुक्कुलं बाळ होती? गेल्या वर्षी असाच एक गोडबोल्या तिने काढलेली कमळाची नक्षी बघून गेला आणि महिन्याभरात पलीकडे सोडाल्याच्या बाजारात तीच नक्षी मशीनवर छापून टांगलेली! किती रडली होती ती. आता नवी डाळिंबाची नक्षी कपाटात कुलपाआड होती. हीही चोरीला गेली, तर दुकान बंदच करावं लागणार होतं.

तरी 'फक्त दीड किलो कार्बन' अशी पाटी तिने दारावर लावलीच. गिऱ्हाईकंही वाढली.

शनिवारी निनाद आला तो पडेल चेहऱ्याने.

"आकडा चुकला. एपीआयने भट्टी गॅसची धरली होती. बगरूला जाऊन बघून आलो, लाकूड जळतं. पावणेतीन किलो होतात. पाटी... काढावी लागेल."

"अहो, राहू द्या ना दीडच! कोणाला कळणारे?"

"नाही जमणार." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही मला पुन्हा दारात उभं करणार नाही, माहितीये. तरी नाही."

गिरिजा बघतच राहिली. नक्षी ढापायला आलेला माणूस गोड गोड बोलेल, की असा भांडण ओढवून घेईल?

"खरं सांगा, प्रश्नांसाठीच येत होतात?"

"सोमवारी, हो."

"आणि नंतर?"

"नंतर... तुमच्यासाठी."

तिने पाटी उतरवली. मग कपाट उघडलं आणि आईलासुद्धा न दाखवलेला डाळिंबाच्या नक्षीचा कागद त्याच्यासमोर पसरला.

"बघ," ती म्हणाली, "आवडली का सांग. आणि... तू मला आवडतोस, तेही ऐकून ठेव."