सांगावा

अमेरिकेतलं एकेक राष्ट्रीय उद्यान पालथं घालताना शलाका आईशी स्वतः एकदाही बोलली नव्हती, तरी चिपळुणात आई खूश असल्याचं तिला कळत होतं. मनगटावरच्या पट्ट्यातला सांगावा रोज शलाकाच्याच आवाजात घरी बोलायचा, "पोचले गं. जेवले. पाय? छे, मुळीच दुखत नाहीत." माणसाचा आवाज आणि लकबी शिकून हे यंत्र घरच्यांशी परस्पर बोलत असे. आळशी लेकींना याहून काय हवं? आईला काळजी वाटेल असं काही सांगायचं नाही, एवढीच शलाकाची ताकीद होती. तापाने फणफणलं तरी 'जरा कणकण आहे' म्हणायची आपली रीत यंत्राने चटकन उचलली.

आत्ता अशाच एका उद्यानातल्या वाळवंटी डोंगरांत ती तंबू घेऊन एकटी हिंडत होती. सकाळी कोरड्या ओढ्यात उतरताना दगड निसटला आणि ती खाली कोसळली. घोटा मोडला, पाण्याची पिशवी फाटली. अर्धी बाटली तेवढी उरली. ऊन चढत होतं आणि शलाका घाबरली होती. तिने पट्ट्यावरचं मदतीचं बटण दाबलं.

बऱ्याच वेळाने उद्यानाच्या चौकीवरून रेंजर बोलला. "तुमची हाक आम्ही बंद केलीय."

"बंद? माझा पाय मोडलाय."

"खोट्या हाका फार येतात, म्हणून आधी घरी विचारतो. तुमच्या आई म्हणाल्या, आत्ताच बोलणं झालं, लेक मजेत आहे."

"ते माझं यंत्र बोललं. मी खरी बोलतेय."

"यंत्रंही असंच म्हणतात हो. तुमच्या पट्ट्याला कॅमेरा नाही. आईंना कॅमेऱ्यासमोर येऊन सांगू दे, हेलिकॉप्टर लगेच निघेल. घरचं माणूस म्हणून नोंद त्यांचीच आहे."

शलाकाने सांगावा बंद करून त्याच पट्ट्यावरून स्वतः आईला फोन लावला. "आई, मी पडलेय. पाय मोडलाय. चौकीला कळव."

"बरं झालं बोललीस," आईचा आवाज हसरा होता. "माझं अगदी उत्तम चाललंय. रोज देवळापर्यंत चालून येते."

"आई, ऐक तरी."

"तू माझी मुळीच काळजी करू नकोस हं."

हे आईचं यंत्र बोलत होतं. दिवाळीला तिनेच आईला सांगावा पाठवला होता. इतके दिवस दोन यंत्रंच एकमेकांची खुशाली विचारत होती. मग आई काय लपवत होती?

तिने शेजारच्या घाणेकरकाकांना फोन लावला.

"अगं, कुमुदताई हॉस्पिटलात आहेत, मी त्यांच्यापाशीच बसलोय," काका हळू आवाजात म्हणाले. "हार्ट अटॅक. पोरगी एकटी फिरतेय, तिला कळवू नका म्हणाल्या. डॉक्टरांनी बजावलंय, त्यांना धक्का बसेल असं काही बोलायचं नाही. पण तू का रडतेयस?"

शलाकाने बाटलीकडे पाहिलं. आईला सांगितलं तर आईचं काय होईल आणि न सांगितलं तर आपलं काय, हे दोन्ही तिला कळत होतं. ती काही बोलणार तोच पलीकडे कुणीतरी काकांकडून फोन मागून घेतला.

"शलू," आईचा आवाज खोल गेला होता, आणि तो नक्की आईचाच होता. "खरं सांग, कशी आहेस?"