अकरा नंबरच्या टेबलावरचं पान

चाकांवरच्या घरात राहणं म्हणजे काय, हे ज्यानं सांडपाण्याची टाकी आपल्या हातानं रिकामी केलेली नाही त्याला कळायचं नाही. पुरुषोत्तमला ते गेल्या दोन वर्षांत चांगलंच कळलं होतं. नेपरव्हिल उपनगरातलं ऐसपैस घर विकून त्यानं आणि सुनेत्रानं मोटरहोम घेतली, तेव्हा मित्रमंडळींनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पण दोघं मजेत होती. नव्या कॅम्पग्राउंडवर पोचलं की विजेची केबल खांबाला जोडायची, पाण्याचा होज लावायचा, शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसाला हात करायचा आणि तळ्याकाठी खुर्च्या टाकून चहा प्यायचा. संसार म्हणून आणखी काय लागतं?

सप्टेंबर संपत आला होता. उत्तर मिनेसोटातला तो कॅम्पग्राउंड आता थंडीसाठी बंद होणार होता आणि या दोघांखेरीज एखाददुसरीच गाडी उरली होती. इथून थेट ईडन प्रेरीला, लेकीकडे जायचं होतं. अनयाचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला सहाव्या महिन्यात सगळं हातातून गेलं, त्यामुळे या वेळी सुनेत्राचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं.

पण त्या दिवशी पुरुषोत्तमच्या आईची तिथी होती. पितृपक्ष काही तुमचा पत्ता विचारत नाही. तुम्ही जिथं असाल तिथं गाठतो. सुनेत्रानं दोन शेगड्यांच्या त्या भातुकलीतल्या स्वयंपाकघरात वडे, खीर, वरणभात, आमसुलाची चटणी असं सगळं साग्रसंगीत केलं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणून फ्रीजरमध्ये जपलेलं केळीचं पान बाहेर काढलं. अस्वलांच्या भीतीनं तिथं उघड्यावर अन्न ठेवायला मनाई होती, पण कावळा शिवेपर्यंतचाच तर प्रश्न होता.

कावळा होता, तो मात्र शेजारच्या अकरा नंबरच्या जागेवर, विजेच्या खांबावर बसलेला. ती जागा रिकामीच होती. मग पुरुषोत्तमनं पान तिथल्याच लाकडी टेबलावर नेऊन वाढलं. कावळ्याची सोय बघायला नको का? माणूस कधी कधी अशी जास्तीची अक्कल चालवतो आणि नेमका तिथंच फसतो.

कावळा हलेना.

“आई, कृष्णाशी धरलेला अबोला सोडतो,” पुरुषोत्तम हात जोडून म्हणाला. कृष्णा म्हणजे त्याचा नागपूरचा धाकटा भाऊ. कावळ्यानं नुसती मान वळवली. “तुझ्या शाळेला तुझ्या नावानं देणगी देतो.” तरी कावळा जागचा हलला नाही. तळ्यावरून गार वारा येत होता आणि खीर निवत चालली होती.

“अहो,” सुनेत्रा हळूच म्हणाली, “आईंना पणतवंड बघायचं होतं.”

खरंच की. पणतवंडाचं तोंड पाहिलं की डोक्यावर सोन्याची फुलं उधळतात, त्याची म्हातारीला केवढी हौस होती. पुरुषोत्तमनं पुन्हा हात जोडले. “चल मग,” तो म्हणाला, “आमच्याबरोबर गाडीतून चल. तुला अनयाच्या घरी नेतो. बाळ पहिल्यांदा तुझ्या मांडीवर ठेवीन.”

कावळा खाली उतरला. त्यानं भाताच्या मुदीवर एकदाच चोच मारली आणि तो तळ्यावरून निघून गेला. साठीचा बाप्या माणूस तिथल्या तिथं लहान मुलासारखा रडला.

दोघं आत येऊन जेवायला बसली. अशा गाडीचं एक असतं, कुणी पायरीवर पाय ठेवला की सगळी गाडी त्या बाजूला किंचित दबते. दार न वाजवता कुणी आलं तरी आतल्याला कळतं. पुरुषोत्तमनं पहिला घास घेतला आणि गाडी दबली. पेल्यातलं पाणी हललं. दाराच्या बाजूला गेलेला भार हळूहळू आत सरकला, त्यांच्या टेबलाशेजारून गेला आणि मागच्या बेडरूममध्ये जाऊन थांबला. पलंग करकरला.

दार बंद होतं. दोघं समोरासमोर बसलेली होती.

“आई आली,” पुरुषोत्तम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. सुनेत्रानं तिसरं ताट वाढलं. ताटात तिनं खीर जरा जास्तच वाढली.

संध्याकाळपर्यंत मागून एक वास यायला लागला. विझवलेल्या ओल्या शेकोटीचा आणि तळ्यातल्या शेवाळाचा. मागून कुणी खाकरल्यासारखंही वाटलं, पण ते हीटरचं असेल असं दोघांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं. सुनेत्रा ताटं धुता धुता थांबली.

“अहो... एक बोलू?”

“बोल ना.”

“आई शेवटी शेवटी पस्तीस किलोच्या होत्या. मी उचलून बसवायचे त्यांना.” तिचा आवाज खाली गेला. “हे... फार जड आहे हो.”

पुरुषोत्तमलाही ते जेवतानाच कळलं होतं; फक्त मान्य करवत नव्हतं. त्या रात्री बेडरूमकडे कुणी गेलं नाही. दोघं पुढच्या सीटवरच अवघडून बसली आणि पहाटेपर्यंत एकमेकांचा हात सोडला नाही.

सकाळी कॅम्पग्राउंड सांभाळणारा डेल त्याच्या गोल्फकार्टमधून निरोप द्यायला आला. भला म्हातारा होता. “काल तुम्ही इलेव्हनवर प्लेट ठेवली होतीत ना?” तो म्हणाला. “रागावत नाही. वॉल्टला बरं वाटलं असतं. सहा उन्हाळे तो तिथं ट्रेलरमध्ये राहिला. कुणाचीही गाडी निघाली की बॅग घेऊन रस्त्यावर उभा. मला मुलीकडे सोडा, तिला बाळ झालंय, म्हणायचा. कुणी नेलं नाही. शेवटी याच तळ्यात सापडला.”

“मुलगी का नाही आली न्यायला?” सुनेत्रानं विचारलं.

“तिनं कोर्टातून ऑर्डर आणली होती. यानं बाळाच्या आसपास फिरकायचं नाही म्हणून.”

“का?”

डेलनं टोपी काढून पुन्हा घातली. “मॅम, ते नका विचारू,” तो म्हणाला आणि त्यानं गाडी वळवली.

आपण कोणाला काय कबूल करून बसलो, हे पुरुषोत्तमला आत्ता नीट ऐकू आलं. बाळ पहिल्यांदा तुझ्या मांडीवर ठेवीन. तो बेडरूमच्या बंद दाराशी जाऊन उभा राहिला. “मी माझ्या आईला म्हणालो होतो,” तो आधी मराठीत आणि मग इंग्रजीत म्हणाला. “तुम्हाला नाही. प्लीज... उतरा.” आत पलंग करकरला. कुणी कूस बदलून निवांत पडावं, तसा.

मग दोघांनी ठरवलं, म्हणजे पुरुषोत्तमनं ठरवलं आणि सुनेत्रानं रडत ऐकलं. अनयाला आईची गरज होती, तिथं जाणं टाळता येत नव्हतं. सिद्धेशला, म्हणजे जावयाला, अर्ध्या वाटेवरच्या गॅस स्टेशनवर बोलवायचं, गाडीच्या ब्रेकचा प्रॉब्लेम आहे असं सांगायचं आणि सुनेत्रानं त्याच्याबरोबर पुढं जायचं.

“गाडी इथंच सोडून दोघंही जाऊ या ना,” ती म्हणाली.

“शब्द मी दिलाय. मी या गाडीत राहिलो तर तोही गाडीतच राहील. मी पश्चिमेला जातो, लांब कुठंतरी.”

“किती दिवस?”

“बाळ मोठं होईपर्यंत.”

“आणि मग...?”

नातवंड आपल्याला फोनवरच बघावं लागणार, एवढं पुरुषोत्तमला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं काळीज तुटत होतं.

सिद्धेश वेळेवर आला. “बाबा, टो करायचं का? मी थांबतो ना.”

“नको रे, मेकॅनिक येतोय. तू अनयाला एकटी ठेवू नकोस.”

“ओके, पण अपडेट करत राहा, हां. ती ऑलरेडी पॅनिक मोडमध्ये आहे.”

सुनेत्रा दोन बॅगा घेऊन पायरीवरून उतरली. गाडी वर उचलली गेली. जरा जास्तच, असं पुरुषोत्तमला वाटलं. पण बॅगाही जड होत्या. त्यानं बाहेरून दार घट्ट लावलं आणि दाराला पाठ टेकवून उभा राहिला. बाहेर ऊन पडलं होतं, माणसं पेट्रोल भरत होती, कुणीतरी कॉफीचा कप घेऊन रस्ता ओलांडत होतं. सगळं इतकं रोजचं होतं की त्याला क्षणभर धीर आला.

सुनेत्रा सिद्धेशच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. तिनं बेल्ट लावला, काच खाली केली आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिली. मागच्या सीटवर बाळाची नवी कोरी सीट आधीच बसवून ठेवलेली होती. बॅगा सिद्धेशनं डिकीत टाकल्या.

त्यानं इंजिन सुरू केलं आणि गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं.

“हे काय आता?” सिद्धेशनं वाकून पाहिलं. “मागं कुणीतरी विदाउट बेल्ट बसलंय म्हणतेय. सेन्सर गंडला वाटतं.”

पुरुषोत्तम दारापासून सुटला. तो धावला. सुनेत्रा मागं वळून बघत नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

बाळाच्या सीटशेजारून, मागून, बेल्ट अडकवल्याचा टक् असा आवाज आला. टिंग टिंग बंद झालं.

“बघा, गेलं,” सिद्धेश म्हणाला, आणि त्यानं गाडी ईडन प्रेरीच्या रस्त्याला लावली.