चार बाह्यांचं झबलं

"चार बाह्या? सार, चार बाह्यांचा माणूस कोण तो?"

कटपीसच्या दुकानाच्या मालकानं हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की कापडाच्या गठ्ठ्यात मान घालून बसलेल्या अलमेलूनं डोकं वर काढलं. काउंटरपाशी एक उंच, चष्मेवाला माणूस उभा होता. शर्टाला तपकिरी केस चिकटलेले, आणि दोन्ही हात पसरून तो हवेत कसलंसं माप दाखवत होता.

"बनियनचं कापड हवं, ताणलं जाणारं. मानेपासून शेपटीपर्यंत पुरेल एवढं."

"शेपटी?"

"पेशंटला शेपटी आहे," तो शांतपणे म्हणाला.

अलमेलूला हसू फुटलं. तिनं ते पदराआड लपवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. त्यानं वळून पाहिलं.

"हसायला काय झालं?"

"हसले नाही... खोकला आला."

"औषध दिलं असतं. पण माझी औषधं गाई-म्हशींची असतात."

तो गुरांचा डॉक्टर होता, जवळच्या तिरुनीलक्कुडी गावच्या दवाखान्यात. कुत्रीच्या पोटाचं ऑपरेशन केलं की ती टाके चाटत बसते. म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालायचं. मग ती दाराला धडकते, खांबाला धडकते आणि जेवण सोडून रुसून बसते. त्यापेक्षा अंगभर कापडाचं झबलं घातलं तर? त्यानं कुठंतरी फोटो पाहिला होता.

"शिंप्याकडे द्यायचं ना," अलमेलू म्हणाली.

"दिलं होतं. त्यानं कॉलर लावली... आणि एक खिसा."

आता मात्र खोकल्याचं निमित्त पुरलं नाही. दोघंही हसले.

"शनिवारी सकाळी या," ती म्हणाली. "महामहम तळ्याच्या पलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. नवशिक्यांचा शिवणवर्ग असतो माझा."

"पुरुष चालतात?"

"चालतात. आजवर कुणी आला नाही, एवढंच."

अलमेलूबद्दल थोडं सांगायला हवं. तिशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, बोलायला मोजकी. तिरुप्पूरच्या कपड्यांच्या कारखान्यात नमुने शिवायचं काम तिनं काही वर्षं केलं, आई गेल्यावर वडिलांसाठी ती परत आली आणि हा वर्ग सुरू केला. लग्नाची स्थळं येऊन गेली. काहींनी तिला नाकारलं, काहींना तिनं; दोन्हींचं तिला सारखंच वाटलं, म्हणजे फारसं काही वाटलं नाही. जे शिवायची ते मन लावून शिवायची आणि मग कुणालातरी देऊन टाकायची. वर्गात तिचा एकच नियम होता – शिवलेली वस्तू कपाटात ठेवायची नाही, दुसऱ्या दिवसापासून वापरायची. निवृत्त शिक्षिका शिवकामी मामी आपण शिवलेल्या चंचीतूनच विड्याची पानं काढून खात. कुणी पायपुसणं शिवलं, कुणी डब्याची पिशवी. वाकडी का असेना, रोज हाताखाली येते, म्हणून माणूस पुढची सरळ शिवतो, असं अलमेलू म्हणायची. खरं तर ती स्वतः वाकडी टीप दिसली की लगेच उसवायला घ्यायची.

शनिवारी तो आला. नाव सांगितलं चंद्रमौळी. बायकांनी जागा करून दिली आणि मग तासभर आपापली शिलाई सोडून त्याचीच पाहत बसल्या. हातशिलाईत तो तरबेज होता. टाके एकसारखे, घट्ट. पण मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला की मशीन उधळायचं.

"सावकाश," अलमेलू म्हणाली. "तुमच्या बैलगाडीला कासरा नाही का?"

"बैल माझं ऐकतात. हे जनावर वेगळं आहे." त्यानं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "तुमचंच ऐकतं वाटतं..."

"सगळी ऐकतात. वेळ लागतो."

हे सगळं बोलणं अर्थातच तमिळमध्ये. घराबाहेर या गावात दुसरं कोण काय बोलणार? तिसऱ्या खेपेला मात्र एक प्रकार घडला. कापड सरळ करता करता त्याचं बोट सुईखाली गेलं आणि सुई नखातून आरपार झाली.

"आई गं! मेलों, मेलों!"

मशीनं थांबली. शिवकामी मामी कापूस शोधायला धावल्या. अलमेलू चाक उलटं फिरवून सुई वर काढायला वाकली होती, ती तशीच थांबली. मग सुई काढली, बोट घट्ट दाबून धरलं आणि हळूच विचारलं,

"कोठले तुम्ही?"

तो मराठीत ओरडला होता, आणि तिनंही मराठीतच विचारलं होतं. चंद्रमौळी बोट विसरला.

"पापनाशम्... आजोबा तेथेंच राहिले. तुम्हीही...?"

"येथल्याच आम्ही. नरसिंहरावांची मी लेक."

"इतके दिवस तमिळ बोलत बसलों आपण!"

"तुम्हीं कोठें विचारलें?"

बोट अजून तिच्या हातात होतं. रक्त थांबलं होतं. दोघांच्याही ते जरा उशिरा लक्षात आलं.

तंजावरच्या राजांबरोबर कधीकाळी आलेल्या घराण्यांची ही मराठी. पुण्याचा माणूस ऐकून गालात हसेल अशी जुनी, जागोजाग तमिळ शब्द शिरलेली, आणि चार भिंतींच्या आतच बोलली जाणारी. चंद्रमौळी ती फक्त आईशी बोलत आला होता, अलमेलू वडिलांशी. भात वाढ, पाय धुऊन ये, दिवा लाव, किती झोपशील – असली वाक्यं त्या भाषेत त्यांना भरपूर येत होती. कॉलेज, बस, बाजार, सिनेमा, मैत्री, सगळं तमिळमध्ये झालेलं. तरुण माणसानं तरुण बाईशी मराठीत काय बोलावं, हे दोघांनीही कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा जे होतं त्यावरच भागवावं लागलं.

"आणखी थोडा दोरा वाढा की," तो मशीनवरून म्हणायचा.

"आधीं पानांतला संपवा."

"दोरा चांगला झाला आहे हो. मीठ बेताचें."

बाकीच्या बायकांना शब्द कळत नसत, पण अलमेलू ओठ आवळून कात्री शोधू लागली की काय ते कळे. शिवकामी मामी चंची उघडून पान काढत आणि खिडकीबाहेर पाहत.

पहिलं झबलं घातलेली कुत्री दवाखान्याच्या ओट्यावर ऐटीत झोपली आहे, असा फोटो त्यानं आणला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं आईच्या जुन्या साडीची स्टेथोस्कोपची पिशवी शिवली. मग दवाखान्यातल्या बाकासाठी उशी. आणि एका शनिवारी फ्लास्कला घालायचा कापसाचा जाड अंगरखा शिवून तो अलमेलूपुढे ठेवला.

"तुमची कॉफी निवते. दर शनिवारीं पाहतों."

टीप अशी वाकडी, की पावसाच्या पाण्यानं वाट काढावी तशी खाली उतरलेली. अलमेलूनं तो घरी नेला. काही दिवसांनी नरसिंहरावांनी फ्लास्क हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ही शिलाई तुझी नव्हे."

"एका विद्यार्थ्याची."

"वाकडी आहे. उसवली नाहीस?"

"राहून गेलें," अलमेलू म्हणाली आणि आत गेली. आत तिला काहीच काम नव्हतं. स्वयंपाकघरात ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. राहून गेलेलं नव्हतं. उसवायचं तिच्या मनातच आलं नव्हतं, आणि असं यापूर्वी कधी झालेलं नव्हतं.

त्याच सुमारास चेन्नईहून विचारणा आली. तिथली एक हस्तकला संस्था शिवणवर्गांसाठी शिक्षिका शोधत होती. पोंगलनंतर एक वर्षासाठी या, मोठी जागा आहे, तीस मशीनं आहेत. अलमेलूनं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "जा की. मला भात शिजवतां येतो." तिनं होकार कळवला. ही तिच्या मनाजोगी गोष्ट होती, आणि मनाजोगी गोष्ट ती उगाच लांबवत नसे.

शिवकामी मामींनी ती बातमी वर्गात जाहीर केली. सगळ्या जणी एकदम बोलू लागल्या. चंद्रमौळीनं टीप पूर्ण केली, दोरा कापला, उठला.

"अभिनंदन. फार चांगली संधी आहे," तो म्हणाला.

तमिळमध्ये.

अलमेलूनं वर पाहिलं. तो मशीनवर कव्हर घालत होता. त्या दिवशी तो शेवटपर्यंत तमिळच बोलला, पुढच्या शनिवारीही. स्वच्छ, अदबशीर, दवाखान्यात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. दोऱ्याला मीठ कमी आहे की जास्त, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं एकदा मराठीत विचारलं, "बोट बरें आहे?" त्यानं तमिळमध्ये उत्तर दिलं, "पूर्ण बरं आहे. थँक्स."

अलमेलूला राग आला. राग यावा, याचंच तिला जास्त आश्चर्य वाटलं.

तिरुनीलक्कुडीला एका शेळीला कुत्र्यांनी पोटाशी फाडलं होतं आणि तिच्या झबल्याचं माप काही केल्या जमत नव्हतं. येऊन बघेन, असं अलमेलूनं बातमी फुटायच्या आधीच त्याला सांगून ठेवलं होतं. शब्द दिला होता, म्हणून ती गेली. कार्तिकातला, म्हणजे तिकडच्या ऐन पावसाळ्यातला, बारीक पाऊस दिवसभर लागून राहिलेला. शेतं तुडुंब भरलेली. शेळीच्या मालकिणीच्या ओसरीत चंद्रमौळी गुडघ्यांवर बसून शेळीचे पुढचे पाय धरून होता, आणि शेळी माप घ्यायची टेप खात होती.

"बाही इथं काचते," अलमेलू तमिळमध्येच म्हणाली. "बगलेत जास्त कापड सोडायला हवं."

"बरं."

"पोटाशी नाडी नको. बटणही नको, ती खाईल. मागं पाठीवर बांधा."

"बरं."

तिनं खडूनं खुणा केल्या. मालकीण कॉफी करायला आत गेली. पन्हळीतून पाणी पडत होतं. अलमेलूनं खडू खाली ठेवला.

"मराठी काय म्हणून सोडलीत?"

तो शेळीच्या कानामागं खाजवत राहिला.

"मी विचारतें आहे."

"तमिळमध्ये बोललेलं बरं..." तो तमिळमध्ये म्हणाला.

"काय म्हणून?"

चंद्रमौळीनं चष्मा काढला. त्यावर पावसाचे थेंब होते. ते पुसायला त्याच्याजवळ कोरडं असं काही नव्हतं. मग तो मराठीत बोलला, अडखळत.

"मराठींत मला खोटें बोलतां येत नाही. जन्मभर फक्त आईशीं बोललों ती. तिच्यापुढें एकही खोटें कधी खपलें नाही. अभिनंदन म्हणायचें होतें... मराठींत तोंडांतून आलें नसतें."

पाऊस तसाच पडत होता.

"काय आलें असतें?"

"तेंच तर येत नाही. तमिळमध्ये म्हणूं गेलों तर सगळें सिनेमांतलें वाटतें. आणि मराठींत मला तसले शब्दच ठाऊक नाहीत. आमच्या घरीं कोणी कोणाला म्हटलेंच नाही."

"आमच्याही," अलमेलू म्हणाली.

"मग काय म्हणूं?"

"जें येतें तें म्हणा."

तो विचार करत बसला. शेळीनं टेप सोडून त्याच्या शर्टाचं टोक तोंडात घेतलं, त्यालाही त्यानं हरकत घेतली नाही.

"तुम्ही जेवायला बसला नाहींत तर मला घास जाणार नाही," तो शेवटी म्हणाला. "आज असें नव्हे. रोज. म्हातारपणींही." मग त्यानं जोडलं, "जाऊं नका, असें म्हणत नाही. जा तुम्ही. तीस मशीनं आहेत."

अलमेलूनं आजवर दोऱ्याचं, कापडाचं, माणसांचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. हे वाक्य तिला बाजूला ठेवता येईना. ठेवायला जागाच दिसेना. ओल्या झालेल्या निऱ्या तिनं उगाच सारख्या केल्या.

"मी जाणार आहें," ती म्हणाली. "तें ठरलें आहे. तें मला हवेंही आहे."

"होय."

"एक वर्ष. मग येईन." तिचा आवाज नेहमीसारखा कोरडाच होता, फक्त एका ठिकाणी जरा दुमडला. "आणि मी जायच्या आधीं बाबांशीं येऊन बोला. पापनाशम्‌हून आईलाही आणा. तिच्यापुढें विचारीन, मला खरें सांगितलेंत कीं नाही..."

चंद्रमौळी तिच्याकडे पाहत राहिला. चष्म्याशिवाय त्याला ती जरा धूसरच दिसत असणार.

"म्हणजे... होय?"

"उगे राहा आतां. शेळी शर्ट खाते आहे."

त्यानं शर्ट सोडवायचा प्रयत्न केला, तिनं शेळीचं तोंड धरलं, शर्टाचं टोक फाटलं आणि दोघं एकदम मोठ्यानं बोलू लागले – कुणी आधी सोडायला हवं होतं, कुणाचं चुकलं. तोंडावर हसू होतं, पण आवाज चढलेले होते.

मालकीण कॉफीचे पेले घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"डॉक्टर, एवढं भांडताय कुठल्या भाषेत?" तिनं तमिळमध्ये विचारलं. "काही कळेना मला."

चंद्रमौळीनं तोंड उघडलं, पण उत्तर अलमेलूनं दिलं.

"आमच्या घरच्या," ती म्हणाली, आणि पेला घेतला.

तमिळमध्ये काय, मराठीत काय, बाई आपल्या माहेरच्या घरालाही 'आमचं घर'च म्हणते. तेव्हा त्यातून कुणी कोणतं घर समजायचं, माहेरचं की दोघांचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. चंद्रमौळीनं चष्मा डोळ्यांवर चढवला, दुसरा पेला उचलला, आणि त्याला हवं होतं तेच समजला. अलमेलूनंही त्याला चूक दाखवली नाही.